डावा स्पीकर

मला डावं-उजवं कळत नाही, असं शाहूपुरीतली निदान चाळीस माणसं शपथेवर सांगतील. माझं नाव अमीन. रेडिओ, टेप, अँप्लिफायर उघडायचे, बिघाड शोधायचा आणि परत बंद करायचे, यात माझी बावीस वर्षं गेली. डोळे मिटून तारेचा रंग सांगणारा माणूस मी, आणि मला डावं-उजवं कळत नाही म्हणे! एकेकाला दुकानात बोलावून कान उपटावेत असं वाटतं. पण उपटता येत नाहीत, कारण मी तोंड बांधून घेतलंय.

हे सगळं झालं दोन भावांमुळं. थोरला सोमलिंग, धाकटा शिवमूर्ती. गुळाचे व्यापारी. माझ्या दुकानामागच्या गल्लीत त्यांचं घर. एक्याऐंशी साली गुळाला दर बरा लागला, तेव्हा दोघं मुंबईला गेले आणि जपानी स्टिरिओ कॅसेट डेक घेऊन आले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच सोमलिंग दारात उभा, काखेत डेक.

"अमीन, ह्यो डबा मुका हाय की रं! समदी बटणं दाबून बघितली. फिरतोय, पर बोलत न्हाय."

"अण्णा, ह्याला सवताचा आवाज नसतो. हा नुसता डेक हाय. ह्याला अँप्लिफायर लागतो, दोन स्पीकर लागतात."

"मग ह्यात हाय तरी काय?"

"बाकी सगळं."

"म्हंजे तोंड सोडून समदं इकत घेतलं व्हय आम्ही?" असं म्हणून तो माझ्यावरच भडकला. जसं काही मीच त्याला मुंबईला पाठवलं होतं.

पण डेक होता मात्र देखणा. पुढची पट्टी चांदीच्या रंगाची. काचेच्या दोन खिडक्या, आत पिवळा दिवा, आणि प्रत्येक खिडकीत एक बारीक काटा. डाव्या बाजूचा आवाज वाढला की डावा काटा उठायचा, उजव्याचा वाढला की उजवा. टेप किती पुढं गेली ते सांगणारे तीन आकडे, शेजारी ते शून्यावर आणायचं बटण. खाली माईक लावायला दोन भोकं, डावं आणि उजवं, आणि दोन्हींचा आवाज वेगवेगळा कमीजास्त करायला दोन खुंट्या. असं यंत्र त्या दिवसांत माझ्या हाताखालून दुसरं गेलं नव्हतं. मी अँप्लिफायर बांधून दिला, दोन स्पीकरना सागवानी पेट्या करून घेतल्या आणि मुक्या डब्याला तोंड फुटलं.

मग दोघांना त्यांचं भजन भरून हवं होतं. त्यांच्या आज्यानं रचलेलं भजन. एकानं ओळ घ्यायची, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, अशी घरातली रीत. सोमलिंग म्हणणार, 'तुझ्या दारी मी उभा, शंकरा', आणि शिवमूर्ती उत्तर देणार, 'हात माझे रिते, शंकरा, बेल वाऱ्यानं नेला'. मी खोलीच्या एका टोकाला सोमलिंगला बसवलं, त्याच्यापुढं डावा माईक. दुसऱ्या टोकाला शिवमूर्ती, त्याच्यापुढं उजवा. दोघांची आई गौराबाई मधोमध, मांडीवर हात ठेवून. घरात सगळे तिला अव्वा म्हणत, मीही म्हणायचो.

गायला सुरुवात झाली आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. सोमलिंगनं बघितलं, आपण गायलो की डावा काटा उठतो. लगेच ठरलं, डावा काटा त्याचा. उजवा शिवमूर्तीचा. काट्यांच्या शेवटी लाल पट्टा होता. तिथं काटा गेला की आवाज फाटतो, हे मी दोघांना सहा वेळा सांगितलं. पण यांना वाटलं, लाल पट्ट्यात जो आधी पोचला तो जिंकला. एक ओरडला की दुसरा त्याच्याहून मोठ्यानं ओरडायचा. शंकराला ऐकू जात नाही असं समजून दोघं गात होते.

"भजन हाय अण्णा, कुस्ती न्हाय!" मी म्हणालो.

ते आवरलं, तर शिवमूर्ती विसरायला लागला. तिसऱ्या कडव्यात 'हात माझे रिते, शंकरा' इथवर यायचं आणि गाडी ठप्प. पुढं 'बेल वाऱ्यानं नेला' हे तीन शब्द. लहानपणापासून म्हणत आलेला माणूस, पण माईक बघितला की ते शब्द त्याच्या तोंडातून पळायचे. मी टेप मागं घेतली, आकडे शून्यावर आणले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच अडला. पुन्हा मागं. तीनदा झालं. आकडा दरवेळी दोनशे सतराच्या आसपास, तो आकडा मला पाठ झाला आणि शिवमूर्तीला तीन शब्द होईनात. चौथ्या वेळी तो तिथं अडला तेव्हा मी डोक्याला हात लावला. तेवढ्यात सोमलिंगनं माईकपासून तोंड वळवलं आणि अगदी हळू, भावाकडं बघत म्हणाला, "बेल वाऱ्यानं नेला." शिवमूर्तीनं ते शब्द उचलले आणि गाणं पुढं गेलं.

मी टेप थांबवली नाही. माझी सहनशक्ती संपली होती. घरी येऊन ऐकलं, तर सोमलिंगची ती कुजबुज कुठल्याच माईकनं पकडली नव्हती. दोनशे सतरावर नुसती दोन श्वासांची शांतता होती, मग शिवमूर्तीचा आवाज. म्हटलं, राहू दे. कॅसेटच्या पाठीवरच्या दोन बारीक टिकल्या मोडून टाकल्या, म्हणजे चुकून कुणी त्यावर दुसरं काही भरू नये.

तीन वर्षांनी भाऊ वेगळे झाले. कशावरून, ते मी विचारलं नाही, आणि ज्यांनी विचारलं त्यांना दोघांनी वेगवेगळं सांगितलं. घराच्या तीन खोल्या एका ओळीत होत्या. पहिली सोमलिंगला, तिसरी शिवमूर्तीला, मधली अव्वाला. वाटणी करायला गल्लीतला आकाराम बसला. पूर्वी बाजारात हमालांचा मुकादम होता, त्यामुळं वजनाला पक्का. भांडी झाली, पाट झाले, अगदी खलबत्त्यातला खल एकाकडं आणि बत्ता दुसऱ्याकडं गेला. शेवटी डेक उरला.

"ह्यो कापता येत न्हाय," आकाराम म्हणाला. "पर तोंडं दोन हायती. मशीन अव्वाच्या खोलीत ऱ्हाईल. स्पीकर येक हिकडं, येक तिकडं. आन् मशीनला दोघांनीबी हात लावायचा न्हाय. हात फकस्त अमीनचा."

स्टिरिओचे दोन स्पीकर दोन घरांत लावणारी माणसं मी जन्मात बघितली नव्हती. मी सांगायचा प्रयत्न केला की बाबांनो, हे बैलजोडीसारखं असतं, एकेकटं चालत नाही. ऐकतंय कोण! सोमलिंग म्हणाला, "डावा काटा माझा, डावा स्पीकर माझा." शिवमूर्ती म्हणाला, "उजवा माझा." म्हणजे प्रत्येकाच्या घरात ज्याचा त्याचा आवाज. दोघांना ते फार पसंत पडलं. इतक्या महिन्यांत दोघांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट असावी.

मी तारा ओढायला गेलो तेव्हा दुपार होती. भाऊ बाजारात. मी अँप्लिफायरच्या मागं वाकलो होतो आणि अव्वा दारातून म्हणाली, "अमीन, ती तार हिकडं लाव आन् ही तिकडं."

"उलटं होईल, अव्वा. सोमअण्णाच्या घरात शिवाचा आवाज येईल."

"उलटंच पायजे मला."

मी उभा राहिलो. ती आत येऊन माझ्याजवळ बसली. सत्तरीची बाई, पण आवाज खणखणीत.

"आपला आवाज परत्येकाला गोडच लागतोय. त्यो ऐकून दोघंबी आनखी माजतील. सोमलिंगला शिवाचं ऐकू दे, शिवाला सोमलिंगचं. बोलत न्हाईत त्ये न्हाईत, येकमेकाचा आवाज तर घरात ऱ्हाईल."

"त्ये मला शिव्या घालतील, अव्वा. माझा धंदा हाय ह्यो."

"घालू देत. आन् मी सांगितलं म्हणून बोलायचं न्हाईस कुणापाशी. शपथ हाय माझी."

आता हिला काय सांगायचं? नाही म्हणायची माझी टाप नव्हती. माझी आई लालबी गेली तेव्हा चाळीस दिवस ह्या बाईच्या घरातून माझ्या घरी भाकरी येत होती, न मागता. मी तारा उलट्या लावल्या, पेचकसानं घट्ट केल्या आणि मनातल्या मनात चरफडत घरी गेलो.

अव्वा दर सोमवारी दिवेलागणीला ती एकच कॅसेट लावायची. बटण कुठलं दाबायचं एवढं मी तिला शिकवलं होतं. पहिल्या सोमवारनंतर मंगळवारी सकाळी सोमलिंग दुकानात.

"अमीन, माझ्या घरात त्यो कसा काय गातोय? ज्याचं तोंड बघायचं न्हाय म्हणून भिंत घातली, त्यो माझ्या उशाशी बसून भजन म्हणतोय!"

"तार उलटी गेली असंल, अण्णा."

"मग सुलटी कर की!"

तो गेला आणि अर्ध्या तासानं शिवमूर्ती आला. तीच तक्रार, फक्त भाऊ बदललेला. मी आधीच विचार करून ठेवला होता. दोघांनाही एकच सांगितलं, "तार बदलली की दोन्ही घरातलं बदलणार. तवा दोघं मिळून या, दोघं मिळून सांगा, मी त्याच मिनिटाला बदलतो." वाटलं होतं, आठ दिवसांत येतील. कामच एका मिनिटाचं. पण दोघं मिळून? त्यापेक्षा दोघांनी कळंब्याच्या तुरुंगात जाऊन बसणं पसंत केलं असतं.

बरं, नको तर स्पीकर बंद करा! तार ओढून काढा! तेही नाही. स्पीकर काढला म्हणजे वाटणीतला हक्क सोडला, असं दोघांचंही म्हणणं. भावाचा आवाज नको, पण स्पीकर हवा. दर सोमवारी दोघं आपापल्या खोलीत दात-ओठ खात भजन ऐकायचे आणि मंगळवारी बाजारभर माझं नाव घ्यायचे. अमीनला स्टिरिओतलं काही कळत नाही. अमीनला डावं-उजवं कळत नाही. एकमेकांशी न बोलणारे हे दोघे, माझ्याबद्दल मात्र शब्दाला शब्द जुळवून बोलत होते.

सुरुवातीला मी हसण्यावारी नेलं. मग गिऱ्हाईकं विचारायला लागली. "अमीनभाई, आमच्या टेपचं डावं-उजवं बघून लावा हं," म्हणून वर हसायची. ज्याच्या टेपला एकच स्पीकर, तोही विचारायचा! माझी बायको खतिजा म्हणाली, "खरं काय ते सांगून मोकळे व्हा." शपथ घातलीय म्हटलं, तर म्हणाली, "मग शपथच शिजवून खाऊ या." वर्षभर हे असं चाललं. मग हंबीरराव आले.

हंबीरराव तालमीचे प्रमुख. तालमीच्या वतीनं दरवर्षी दोन भजनी मंडळांचा सामना व्हायचा. एक मंडळ डाव्या माईकवर, एक उजव्या. सहा वर्षं ते भरायचं काम माझ्याकडं होतं. त्या टेपा मुरगूडपर्यंत जायच्या आणि प्रत्येक कॅसेटवर मी माझ्या हातानं नाव लिहायचो. माझ्या धंद्यात अभिमानानं सांगण्यासारखी तेवढीच गोष्ट होती.

"यंदा दुसऱ्याला सांगितलंय, अमीन," हंबीरराव बसायच्या आधीच म्हणाले. "राग मानू नगंस. डावं-उजवं चुकलं तर दोन्ही मंडळं माझ्या अंगावर येतील. बाजारात सगळी बोलत्यात."

"तुमच्या टेपात कधी चुकलंय का, राव? सहा वर्षांत एकदा तरी?"

"न्हाय. पर बोलत्यात की."

ते गेल्यावर मी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि नुसता बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, ते सांगायला मला लाज नाही. दोन हट्टी माणसं आणि एक म्हातारी, यांच्यापायी बावीस वर्षांचं नाव मातीत गेलं. सोमवार होता. मी उठलो, पेचकस शर्टाच्या खिशात घातला आणि त्यांच्या गल्लीत शिरलो. म्हटलं, शपथ तोंडाची आहे, हाताची नाही. आज तार सुलटी करायची आणि उद्या चौकात उभं राहून सांगायचं, या, ऐका.

अव्वा कॅसेट आत बसवत होती. मी चपला काढल्या न काढल्या आणि म्हणालो, "अव्वा, आज मी बदलणार. माझं तालमीचं काम गेलं. मला आता न्हाय सोसवत."

तिनं माझ्याकडं बघितलं. भांडेल असं वाटलं होतं. भांडली नाही.

"तुझं काम गेलं त्ये वाईट झालं," ती म्हणाली. "बदल. माझी शपथ सुटली म्हण. पर आधी सोमलिंगच्या खोलीत जाऊन बस. भजन संपलं की ये आन् बदल."

"तिथं बसून काय करू?"

"बस म्हटलं न्हवं?"

या घरात सरळ उत्तर कुणी देत नाही. मी रागारागानं सोमलिंगच्या खोलीत गेलो. तो कॉटवर भिंतीला टेकून पेपर वाचत होता. स्पीकर उशाजवळच्या स्टुलावर. मला बघून म्हणाला, "आलास? आज तरी बदलणार हाईस का?"

"बदलतो. भजन संपलं की."

"लई उपकार झालं," म्हणून त्यानं पेपर वर धरला. मी दाराशी टेकून उभा राहिलो.

भजन सुरू झालं. इथं सोमलिंगची ओळ यायची नाही, यायचं ते शिवमूर्तीचं उत्तर, मग शांतता, मग पुन्हा उत्तर. सोमलिंगचा आवाज मात्र तिसऱ्या खोलीतून, भिंतीपलीकडून, पुसट येत होता. मला सवयीनं मनातल्या मनात डेकचे आकडे दिसत होते. एकशे चाळीस. एकशे ऐंशी. सोमलिंगनं पेपरचं पान उलटलं. तिसरं कडवं लागलं.

'हात माझे रिते, शंकरा...'

आणि तिथं शिवमूर्ती अडला. दोनशे सतरा.

पेपरच्या मागून सोमलिंग हळूच म्हणाला, "बेल वाऱ्यानं नेला."

स्पीकरमधून शिवमूर्तीनं ते शब्द उचलले आणि गाणं पुढं गेलं.

मी हललो नाही. सोमलिंगचा आवाज चार वर्षांपूर्वी त्या खोलीत होता अगदी तसाच होता, तेवढाच हळू, समोरच्याला सावरून घेणारा. पेपर तसाच तोंडासमोर. आपण बोललो हे त्याला कळलंही नसावं. मग त्याला माझी आठवण झाली. पेपर खाली आला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"काय बघतुयास?"

"काय न्हाय, अण्णा."

"दर सोमवारी चुकतोय!" तो ओरडला. "दर सोमवारी हितं माझ्या घरात ईऊन चुकतोय! वरीस झालं ऐकतोय मी, अजून पाठ न्हाय त्येला! कुणीतरी सांगायला नगो का?"

पलीकडच्या खोलीत शिवमूर्ती काय करत होता, मला माहीत नाही. बघायला गेलो नाही. भजन संपलं, मधल्या खोलीत अव्वानं बटण दाबल्याचा खट असा आवाज आला. सोमलिंग माझ्याकडं बघत होता. आता मी मधल्या खोलीत जायचं, मागं वाकायचं, दोन स्क्रू सैल करायचे. एका मिनिटाचं काम. माझं नाव परत मिळणार होतं, कदाचित तालमीचं कामसुद्धा.

"अण्णा," मी म्हणालो, "पेचकस दुकानात ऱ्हायला."

सोमलिंगची नजर माझ्या शर्टाच्या खिशावर आली. पेचकसाची लाल मूठ चांगली चार बोटं बाहेर डोकावत होती. त्यानं मुठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पेपर परत तोंडासमोर धरला.

"इसरणारच," तो म्हणाला, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "ज्याला डावं-उजवं कळत न्हाय, त्याला पेचकस काय आठवतोय! फुडच्या सोमवारी आण."

"व्हय, अण्णा."

मधल्या खोलीच्या दारात अव्वा उभी होती. बाहेर आकाराम आणि आणखी दोघंतिघं कट्ट्यावर बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि ते हसत होते. मला त्यांचा संताप आला. अजून येतो. तालमीचं काम गेलं ते गेलंच, त्या टेपांवर आता दुसऱ्याचं नाव असतं. पेचकस मी दर सोमवारी खिशात घालून त्या घरी जातो, आणि दर सोमवारी दुकानात विसरतो.